भुताची सवय होते, शिपायांची होत नाही

‘फिअर’ या गेमच्या सुरुवातीच्या टप्प्यात एक शिडी आहे. खाली उतरायचं म्हणून खेळाडू शिडी धरतो, नजर आपसूक मागे वळते, आणि जिथून तो आत्ताच चालत आला त्याच जागी लाल फ्रॉक घातलेली, केस तोंडावर आलेली एक लहान मुलगी उभी असते. घाईघाईने उतरून वळावं, तर समोर एक माणूस. बंदूक रोखेपर्यंत त्याची राख होऊन उडून गेलेली असते. दोघांपैकी कुणीही खेळाडूला बोटसुद्धा लावत नाही. पण ज्यांनी हा गेम २००५ मध्ये, तो नवा असताना खेळला त्यांना विचारावं. बाकीचं काही आठवो न आठवो, शिडी आठवते.

तोच माणूस तोच गेम पुन्हा खेळायला बसला, की शिडी मात्र अगदीच मवाळ निघते. कधी वळायचं, कुठे बघायचं, सगळं ठाऊक. मुलगी दिसते, माणूस दिसतो, पुढे चला. भयकथेच्या धंद्याची ही जुनीच अडचण आहे: दचका एकदाच विकता येतो. तरीही ‘फिअर’ आणि त्याची दोन एक्स्पान्शन, म्हणजे पुरवणी-गेम, वीस वर्षं उलटली तरी लोक पुन्हा पुन्हा लावतात. भुताची भीती सरल्यावर या गेममध्ये काय उरतं, हा म्हणूनच इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना वाटेत एक रोबोट भेटतो, नावाची आणि गोष्टीची वाटणी भेटते आणि टेक्ससमधली एक कंपनीही.

गेम बनवला मोनोलिथ प्रॉडक्शन्स या कंपनीने. १९९४ मध्ये स्थापन झालेली ही मंडळी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंडची, म्हणजे सिएटलच्या शेजारची. भय आणि बंदूक एकत्र आणण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रयोग नव्हता. १९९७ मध्ये त्यांनी ‘ब्लड’ काढला होता: कबरी, पंथवाले, जादूटोण्याची बाहुली आणि भरपूर काळा विनोद. त्याच वर्षी ‘ब्लड’ला दोन पुरवण्याही निघाल्या. ‘प्लाझ्मा पॅक’ मोनोलिथनेच केली. ‘क्रिप्टिक पॅसेज’ मात्र सनस्टॉर्म इंटरॅक्टिव्ह या दुसऱ्याच कंपनीने.

तेव्हाची ही सर्रास पद्धत होती. गेम गाजला की मूळ मंडळी पुढच्या कामाला लागत. इंजिन तयार, बंदुका तयार, शत्रूंचे आवाज भरलेले. मग एखाद्या लहान कंपनीला गाठून या तयार मालातून काही तासांचा नवा खेळ करवून घ्यायचा आणि तो, बहुधा मूळ डिस्क असलेल्याला, कमी किमतीत विकायचा. ‘हाफ-लाइफ’ची ‘अपोझिंग फोर्स’ (१९९९) आणि ‘ब्लू शिफ्ट’ (२००१) ही एक्स्पान्शन गिअरबॉक्सने केली. ‘डूम ३’चं ‘रिझरेक्शन ऑफ इव्हिल’ (२००५) नर्व्ह सॉफ्टवेअरने. ‘फिअर’ची दोन्ही टाइमगेट स्टुडिओजने. योगायोग म्हणा किंवा काय, पण तिन्ही कंपन्या टेक्ससच्या. पुढे डाउनलोडवर तुकड्या-तुकड्याने सामान विकायची सोय झाली आणि खोक्यातल्या एक्स्पान्शनचा हा धंदा आटत गेला. ‘फिअर’ची एक्स्पान्शन त्या धंद्याच्या उतारावरची.

‘फिअर’चे मुख्य डिझायनर क्रेग हबर्ड यांना दोन ठिकाणचा सिनेमा एकत्र आणायचा होता. एक हाँगकाँगचा, जॉन वूच्या ‘हार्ड बॉइल्ड’ (१९९२) जातीचा: काचा फुटताहेत, कागद उडताहेत, नायक हवेत आहे. दुसरा जपानी भयपट, ‘रिंगू’च्या (१९९८) वळणाचा, ज्यात फारसं काही घडत नाही आणि तरी पाठीवर काटा येतो. दोन्हींचं जमणं अवघड. हातात शॉटगन आणि एक कळ दाबताच सारं जग संथ करण्याची ताकद असलेला माणूस घाबरेल कशाला? मोनोलिथने तोडगा असा काढला की भीती आणि लढाई यांची खातीच वेगळी ठेवली. लढायचं ते शिपायांशी. भ्यायचं ते आल्माला, म्हणजे शिडीवरच्या त्या मुलीला, आणि तिच्यावर बंदुकीचा काही उपयोग नाही. चाकू घेतलेला मुखवटेवाला खुनी कितीही भयानक असला तरी त्याला हाणता येईल असं मनात कुठेतरी वाटत राहतंच. अख्खी सशस्त्र तुकडी उडवणाऱ्या पोरीचं काय करायचं, असा हबर्ड यांचा साधारण युक्तिवाद होता.

गोष्टही त्याला साजेशी. फेअरपोर्ट नावाचं काल्पनिक शहर, आर्माकॅम ही शस्त्रास्त्रं बनवणारी कंपनी, तिने तयार केलेलं ‘रेप्लिका’ नावाचं सैन्य आणि त्या सैन्याला निव्वळ मनाच्या ताकदीने चालवणारा पॅक्स्टन फेटेल. या सगळ्याच्या मुळाशी आल्मा वेड: शास्त्रज्ञ बापानेच प्रयोगासाठी वापरलेली आणि बंद करून ठेवलेली मुलगी. खेळाडू असतो ‘पॉइंट मॅन’. त्याला नाव नाही, तो बोलत नाही, आणि त्याचं आल्माशी नातं काय हे शेवटीच कळतं. यातलं बरंचसं खेळाडूला कुणी सांगत नाही. ऑफिसांतल्या टेबलांवर फोनचा दिवा लुकलुकत असतो. कळ दाबली की कुणाचा तरी व्हॉइसमेल ऐकू येतो. पहिल्या वेळी गोळ्यांच्या धामधुमीत निम्मे निरोप राहून जातात. पुन्हा खेळताना तेच निरोप कान देऊन ऐकले जातात आणि गोष्ट प्रथमच नीट कळते. उजळणीचा हा एक खरा फायदा.

पण लोक पुन्हा येतात ते शिपायांसाठी.

या शिपायांचं डोकं बनवलं जेफ ऑर्किन यांनी. २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी ‘थ्री स्टेट्स अँड अ प्लॅन’ हा निबंध वाचला, आणि या क्षेत्रातली माणसं आजही तो वाचतात. त्याआधीची रीत अशी होती की शत्रूच्या प्रत्येक अवस्थेतून प्रत्येक दुसऱ्या अवस्थेत कधी जायचं हे प्रोग्रॅमरने आधीच लिहून ठेवायचं: पहारा देतोय, माणूस दिसला, गोळी झाड, गोळ्या संपल्या, भर, जखमी झाला, लप. शत्रू जितका हुशार हवा तितकं हे जाळं गुंतत जाई आणि शेवटी लिहिणाऱ्यालाच उलगडेनासं होई. ऑर्किन यांनी अवस्था तीनवर आणल्या: कुठेतरी जाणं, काहीतरी हालचाल करणं आणि समोरची एखादी वस्तू वापरणं. बाकी सगळं शिपायावर सोपवलं. त्याला एक उद्दिष्ट दिलेलं असतं आणि करता येणाऱ्या कृतींची यादी. कुठली कृती कधी शक्य आहे, तिने काय बदलेल आणि ती किती महाग पडेल हे ठरलेलं असतं. उद्दिष्टापर्यंत नेणारी सर्वांत स्वस्त साखळी तो तिथल्या तिथे स्वतः जुळवतो.

ही कल्पना ऑर्किन यांनी हवेतून काढलेली नव्हती. तिचं मूळ ‘स्ट्रिप्स’ या योजना आखणाऱ्या पद्धतीत आहे. ती १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी तयार केली, ‘शेकी’ नावाच्या रोबोटसाठी. शेकी म्हणजे चाकांवरचं एक डुगडुगणारं कपाट. खोल्यांमधून फिरायचं आणि ठोकळे ढकलायचे एवढंच त्याचं काम. नकाशावर सर्वांत कमी खर्चाची वाट काढणारी ‘ए-स्टार’ ही पद्धतही शेकीच्याच कामातून १९६८ मध्ये निघाली, आणि ‘फिअर’चे शिपाई योजना जुळवताना तीही वापरतात. ठोकळे ढकलणाऱ्या कपाटाचे वारस दारं लाथेने उघडून ग्रेनेड फेकू लागले, म्हणायचं.

ऑर्किन यांच्या निबंधातलं एक उदाहरण मोठं बोलकं आहे. एकाच जागेत आलटून पालटून तीन प्राणी सोडायचे: शिपाई, अदृश्य होऊ शकणारा मारेकरी आणि उंदीर. तिघांना उद्दिष्टं तीच दोन, पहारा देणं आणि शत्रूला मारणं. शिपाई फेऱ्या मारतो आणि खेळाडू दिसताच बंदूक चालवतो. मारेकरी अदृश्य होऊन भिंतींवर उड्या मारत येतो. उंदीर इमानेइतबारे गस्त घालतो, पण मारण्याच्या उद्दिष्टापाशी अडतो. त्याच्या यादीत तशी कृतीच नाही. उद्दिष्टं तीच ठेवून फक्त हत्यारं बदलली की स्वभाव बदलतो.

दाराचं उदाहरण त्याहून सरस. शिपाई दार उघडून आत यायला निघतो आणि खेळाडू पलीकडून दार अडवून उभा राहतो. शिपायाचा बेत फसतो. तो नवा बेत करतो: लाथ मारून बघू. दार तरीही हलत नाही. मग तिसरा बेत: खिडकी. काच फोडून तो आत झेप घेतो आणि इतक्या जवळ येऊन पडतो की गोळी झाडण्याऐवजी थेट हाणामारीवरच उतरतो. हा क्रम कुणी प्रसंग म्हणून रचलेला नाही. दार मोकळं सोडलं तर खिडकी फुटत नाही. शिडीवरची मुलगी दर वेळी त्याच पायरीला दिसते. हा शिपाई दर वेळी कुठून येईल ते त्यालाही माहीत नसतं.

शिपायांच्या हुशारीत चलाखीचाही वाटा आहे, आणि ऑर्किन यांनी ती लपवलेली नाही. शिपाई सारखे एकमेकांशी बोलतात. एकाला गोळी लागली तर तो नुसता विव्हळत नाही. दुसरा विचारतो, काय अवस्था आहे, आणि पहिला सांगतो, लागलंय. बॅटरीचा झोत दिसला तर तेही ओरडून सांगतात. सगळे साथीदार मेले आणि एकटाच उरला, की तो कुमक मागतो. कुमक खरोखर येण्याची कुठलीही व्यवस्था प्रोग्रॅममध्ये नाही! पण पुढच्या खोलीत शिपाई भेटतातच, आणि खेळाडू समजतो की बोलावलं म्हणून आले. बगल देऊन मागून येण्याचंही असंच. त्यासाठी वेगळी आज्ञा लिहिलेली नाही. आडोसा धोक्यात आला की जवळचा दुसरा आडोसा गाठायचा, एवढंच प्रत्येकाला ठाऊक. तो दुसरा आडोसा खेळाडूच्या बाजूला निघाला की बगल आपोआप होते. फेटेलच्या मनाच्या तारेवर चालणारं सैन्य वायरलेसवर एवढं ओरडतं कशाला, असा प्रश्न कुणी विचारू नये. ते खेळाडूला ऐकू जावं म्हणून ओरडतं.

या सगळ्याला जागाही तशीच लागते. ‘फिअर’वर तेव्हापासूनचा आक्षेप असा की त्यात ऑफिसं, गोदामं आणि गटारं याशिवाय बघायला काही नाही. आक्षेप खरा आहे. करड्या भिंती, करडे क्युबिकल, छताजवळून जाणारे हवेचे बोगदे. एक मजला दुसऱ्यासारखा. पण लढताना नीट पाहिलं तर कळतं, की जवळपास प्रत्येक खोलीला दोन-तीन तोंडं आहेत, मधोमध टेबलांची रांग आहे आणि एक वाट मागून फिरून येते. विचार करणाऱ्या शत्रूला विचार करण्याजोगी जागा दिलेली आहे. त्यात वेळ संथ केली, की भिंतीचा गिलावा धुळीच्या ढगात उधळतो आणि गोळीमागे हवेत तरंग उठताना दिसतात. छताला टांगलेला दिवा धक्क्याने झुलतो आणि खोलीतल्या सगळ्या सावल्या त्याच्याबरोबर झुलतात. २००५ चे संगणक या दृश्यापुढे धापा टाकत.

आता एक्स्पान्शन. पहिलं ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’, ऑक्टोबर २००६. दुसरं ‘पर्सियस मँडेट’, नोव्हेंबर २००७. टाइमगेट ही ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडची कंपनी, आणि तोवर तिची ओळख होती ती ‘कोहान’ या स्ट्रॅटेजी गेमसाठी. बंदुकीचा गेम तिच्या हाताखालून गेलेला नव्हता. पहिल्या एक्स्पान्शनपुढे अडचण उभी होती ती मूळ गोष्टीनेच करून ठेवलेली: मूळ गेमच्या उत्तरार्धात फेटेल मरतो, आणि तो मेल्याबरोबर त्याचं सैन्य जागच्या जागी थिजतं. सैन्य नाही तर लढाई नाही, आणि लढाई नाही तर एक्स्पान्शन विकणार काय? म्हणून फेटेल परत येतो. कसा, याला उत्तर नाही. तो स्वतःच खेळाडूला सांगतो की यात काही अर्थ लागत नाही हे त्यालाही ठाऊक आहे, आणि पुढच्याही बऱ्याच गोष्टींचा लागणार नाही. कथेतल्या भगदाडावर पात्रानेच बोट ठेवावं, हे धाडस म्हणायचं की निर्लज्जपणा, ज्याचं त्याने ठरवावं. गेममध्ये खरं मोल कशाचं होतं हे मात्र टाइमगेटने बरोबर ओळखलं होतं. भुतावाचून एक वेळ भागलं असतं.

‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ खेळाडूचं हेलिकॉप्टर कोसळल्याच्या क्षणापासून सुरू होतं आणि ओसाड शहरातून एका इस्पितळाकडे जातं. नवी मिनीगन मिळते, जमिनीवर फेकून उभी करायची स्वयंचलित बंदूक मिळते, आणि धूसर आकृत्या पहिल्या गेममधल्या साथीदारांना एकेक करून नेतात. भीतीचा डोस वाढवलेला आहे आणि तो मधूनमधून लागूही पडतो. मूळ गेमपेक्षा हे जास्त भयाण आहे असं मानणारे खेळाडू आजही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

‘पर्सियस मँडेट’ त्या मानाने दमलेलं वाटतं. इथे नायक दुसऱ्या तुकडीचा एक सार्जंट. गोष्ट मूळ गेमच्या आणि पहिल्या एक्स्पान्शनच्या जोडीने, बाजूच्या गल्लीतून चालल्यासारखी चालते. जमिनीवरच्या काळ्या डबक्यातून हात वर काढणारी भुतं दोनदा दचकवतात, तिसऱ्यांदा त्यांना वळसा घातला जातो. समीक्षकांनीही याला कमीच गुण दिले. पण पुन्हा खेळणाऱ्याला इथे एक चीज सापडते: नाइटक्रॉलर नावाचे भाडोत्री सैनिक. त्यांच्यातले निवडक लोक खेळाडूच्याच वेगाने हलतात. वेळ संथ करूनही ते निसटतात. इतका वेळ एकट्या खेळाडूकडे असलेला हुकमाचा पत्ता पहिल्यांदाच समोरच्याच्याही हातात असतो. आणि हा गेम पूर्ण केल्यावर तीन जादा मोहिमा उघडतात, ‘अरीना’, ‘क्लिनिक’ आणि ‘स्प्रिंट’. तिथे गोष्ट जवळजवळ गळूनच जाते. उरते ती निखळ मारामारी.

पडद्यामागे तोवर घराची वाटणी झाली होती. ‘फिअर’ तयार होत असतानाच, २००४ मध्ये, मोनोलिथ वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतली. गेम मात्र बाजारात आणणार होती व्हिवेंडी. भांडी एकाकडे आणि देव्हारा दुसऱ्याकडे जावा तसं झालं: ‘फिअर’ हे नाव व्हिवेंडीकडे राहिलं, पात्रं आणि गोष्ट मोनोलिथकडे. म्हणून व्हिवेंडी टाइमगेटकडून ‘फिअर’ नावाची एक्स्पान्शन करवून घेत होती, आणि त्याच वेळी आल्माची पुढची गोष्ट लिहिणाऱ्या मोनोलिथला स्वतःच्याच गेमचं नाव वापरायची मुभा नव्हती. त्यांनी २००७ मध्ये चाहत्यांनाच नाव सुचवायला सांगितलं. शेवटच्या फेरीत ‘डेड एको’, ‘डार्क सिग्नल’ आणि ‘प्रोजेक्ट ओरिजिन’ ही तीन उरली. ‘प्रोजेक्ट ओरिजिन’ निवडून आलं. २००८ मध्ये वॉर्नरने मूळ नाव परत मिळवलं, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये गेम आला तो ‘फिअर २: प्रोजेक्ट ओरिजिन’ असं दुहेरी नाव घेऊन.

या दुसऱ्या भागाने टाइमगेटच्या दोन्ही गोष्टी घडल्याच नाहीत असं धरलं. ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’मध्ये मेलेली साथीदार जिन सन-क्वॉन डे वन स्टुडिओजने केलेल्या तिसऱ्या भागात (२०११) धडधाकट भेटते. म्हणजे आज जो कुणी मूळ गेम आणि दोन्ही एक्स्पान्शन ओळीने खेळतो, तो तीनपैकी दोन गेम अशा घटनांत घालवतो ज्या अधिकृतरीत्या कधी झाल्याच नाहीत. पुन्हा खेळणाऱ्यांना याचं सोयरसुतक दिसत नाही. उलट ‘फिअर २’ला अधिकृत गादी मिळूनही शिपायांच्या बाबतीत बरेच जण टाइमगेटची बेवारस पोरंच वर ठेवतात. कारण उघड आहे: त्यांत मूळ गेमचंच इंजिन आहे आणि मूळ गेमचेच शिपाई.

टाइमगेट २०१३ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. मोनोलिथ वॉर्नरने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. गेम मात्र स्टीम आणि जीओजीवर दोन्ही एक्स्पान्शनसकट विकला जातो, आणि नव्या संगणकावर तो लावणाऱ्याला पहिली लढाई वेगळ्याच शत्रूशी करावी लागते. आधुनिक माउस-कीबोर्ड जोडलेले असले की गेम खेळता खेळता हळूहळू जड होत जातो. ताकदवान ग्राफिक्स कार्डसुद्धा हतबल. जोडलेल्या उपकरणांशी बोलायची गेमची जुनी पद्धत याला कारण. चाहत्यांनी त्यावर एक छोटी फाइल बनवली आहे, ‘डीइनपुट८.डीएलएल’, ती गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची. रुंद स्क्रीनसाठी सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने आकडे भरायचे. मऊ सावल्या आणि गुळगुळीत कडा यांतलं एकच काहीतरी निवडायचं, कारण दोन्ही एकदम चालत नाहीत. २००५ मध्येही चालत नव्हत्या. बहुतेक जण कडा घेतात आणि सावल्यांवर पाणी सोडतात. एवढं झालं की आधी मूळ गेम, मग ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’, आणि उत्साह उरलाच तर ‘पर्सियस मँडेट’. त्याच्या अगदी शेवटी, श्रेयनामावली सरकून गेल्यावर, फेटेलच्या डीएनएचा नमुना एका सिनेटरच्या हाती लागल्याचं कळतं. पुढच्या भागाची ही तयारी होती. तो भाग टाइमगेटकडून कुणी मागवला नाही.